डायलिसिसवरील रुग्णाचा ताण कसा मोजावा: परिचारिका, तंत्रज्ञ आणि समाजसेवा अधीक्षकांसाठी

हीमोडायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करण्याचा उपचार, घेणारा रुग्ण आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, प्रत्येक वेळी साधारण चार तास यंत्राला जोडलेला असतो. या चार तासांत त्याचा रक्तदाब, नाडी, रक्तप्रवाहाचा वेग आणि शरीरातून काढलेले पाणी या साऱ्यांची नोंद ठरावीक वेळाने कागदावर होत असते. त्याच्या मनावर किती भार आहे, ही नोंद मात्र बहुतेक ठिकाणी ‘पेशंट शांत आहे’ किंवा ‘पेशंट चिडचिड करतो’ एवढ्या शेऱ्यावर भागवली जाते. ताण मोजण्याची साधने उपलब्ध आहेत, ती फार अवघडही नाहीत. परंतु निरोगी माणसांसाठी तयार झालेली प्रश्नावली जशीच्या तशी डायलिसिसच्या खाटेवर नेली, तर ती मनाऐवजी मूत्रपिंडच मोजून येते. पुढील मार्गदर्शन प्रामुख्याने ही गफलत टाळण्यासाठी आहे.

अमेरिकेत २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक डायलिसिस केंद्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला समाजकार्यकर्ता असणे बंधनकारक आहे आणि रुग्णाच्या मानसिक-सामाजिक स्थितीचे मूल्यमापन हे त्याचे ठरलेले काम आहे. आपल्याकडे शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, पण त्यांच्याकडे संपूर्ण रुग्णालय असते. लहान केंद्रांत हे काम परिचारिकेने किंवा तंत्रज्ञाने केले नाही, तर ते होतच नाही. म्हणून येथे त्यांनाच डोळ्यांसमोर ठेवले आहे.

मोजमाप कशासाठी, हे आधी ठरवावे

कोणत्या रुग्णाकडे अधिक लक्ष द्यायला हवे हे शोधायचे आहे, एखाद्या रुग्णाला दिलेल्या मदतीचा उपयोग झाला का हे पाहायचे आहे, की प्रबंधासाठी संशोधन करायचे आहे, यावर साधनाची निवड अवलंबून राहते. पहिल्या कामाला दहा मिनिटांत संपणारी छोटी प्रश्नावली पुरते. दुसऱ्या कामाला कारणांपर्यंत नेणारी, कलमवार उत्तरे देणारी प्रश्नावली लागते. तिसऱ्या कामाला संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, रुग्णाची लेखी संमती आणि त्या भाषेत तपासून घेतलेले साधन या तिन्ही गोष्टी लागतात. नर्सिंगच्या पदव्युत्तर प्रबंधांत ‘स्वरचित ताणमापन श्रेणी’ वापरण्याची प्रथा पडली आहे. ती सोडून द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. पंचवीस प्रश्न लिहिणे सोपे असते, पण ते प्रश्न खरोखर ताणच मोजतात हे सिद्ध करणे हे स्वतंत्र आणि मोठे संशोधन आहे, आणि अशा श्रेणीतून आलेला आकडा दुसऱ्या कोणत्याही अभ्यासाशी ताडून पाहता येत नाही.

आणखी एक गोष्ट मोजण्यापूर्वीच ठरायला हवी. ज्याचा ताण तीव्र निघेल त्याला कोणाकडे पाठवायचे, किती दिवसांत पाठवायचे आणि त्याचा पाठपुरावा कोणी करायचा, याचे उत्तर तयार नसेल तर मोजमाप सुरू करू नये. मनातले बोलून टाकल्यानंतर काहीच घडले नाही, असा अनुभव एकदा आलेला रुग्ण पुढच्या खेपेस सगळ्या प्रश्नांना ‘ठीक आहे’ एवढेच सांगतो.

साधनांची निवड

सर्वसाधारण ताणासाठी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची १९८३ मधील ‘पर्सिव्ह्ड स्ट्रेस स्केल’. मूळ १४ प्रश्नांची ही श्रेणी पुढे १० प्रश्नांची झाली आणि आज तीच अधिक प्रचलित आहे. मागील महिनाभरात गोष्टी आपल्या हाताबाहेर गेल्यासारखे किती वेळा वाटले, अडचणींचा डोंगर झाल्यासारखे किती वेळा वाटले, अशा स्वरूपाचे हे प्रश्न असून प्रत्येकाला ० ते ४ गुण असतात. हिचा मोठा गुण असा की तिच्यात शारीरिक लक्षणांविषयी एकही प्रश्न नाही, त्यामुळे थकवा किंवा अनिद्रा यांमुळे गुण फुगत नाहीत. तिची मर्यादाही तेवढीच ठळक आहे: ताण आहे एवढे ती सांगते, कशाचा आहे ते सांगत नाही.

‘डास-२१’ ही १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लोव्हिबाँड यांच्या मूळ ४२ प्रश्नांच्या श्रेणीची छोटी आवृत्ती. ती नैराश्य, चिंता आणि ताण हे तीन भाग प्रत्येकी सात प्रश्नांतून वेगवेगळे मोजते, मागील आठवड्याबद्दल विचारते आणि विनामूल्य वापरता येते. डायलिसिस केंद्रात मात्र तिचे तिन्ही भाग सारख्याच विश्वासाने वाचू नयेत. चिंतेच्या भागात तोंडाला कोरड पडणे, श्रम न करताही श्वास घ्यायला त्रास होणे, हातापायांना कंप सुटणे आणि हृदयाची धडधड जाणवणे ही लक्षणे विचारलेली आहेत. दिवसाला जेमतेम लिटरभर पाणी पिण्याची मुभा असलेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडणारच, आणि दोन डायलिसिसच्या मधल्या मोठ्या खंडात अंगात पाणी साठले की धाप लागणारच. असा रुग्ण कागदावर ‘तीव्र चिंताग्रस्त’ ठरतो आणि त्याची खरी गरज पाणी काढण्याची असते. ताणाच्या भागातील सात प्रश्न, म्हणजे क्रमांक १, ६, ८, ११, १२, १४ आणि १८, हे मात्र मन निवांत न होणे, लहानसहान गोष्टींवर भडकणे, अडथळा सहन न होणे अशा अनुभवांचे आहेत. ते येथे बरेच विश्वसनीय ठरतात.

तिसरे साधन खास याच रुग्णांसाठी तयार झालेले आहे. बाल्ड्री, मर्फी आणि पॉवर्स यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या ‘हीमोडायलिसिस स्ट्रेसर स्केल’मध्ये २९ ताणकारणे आहेत. त्यांपैकी ६ शारीरिक आणि २३ मानसिक-सामाजिक आहेत, आणि प्रत्येक गोष्टीचा आपल्याला किती त्रास होतो हे रुग्ण पाच पायऱ्यांवर सांगतो. सुई टोचणे, स्नायूंत गोळे येणे, खाज, थकवा यांपासून पाण्याचे बंधन, उपचाराचा खर्च, केंद्रापर्यंतचा प्रवास, परावलंबन, घरातील भूमिकांची उलथापालथ, लैंगिक इच्छा कमी होणे आणि भविष्याची अनिश्चितता येथवर तिचा पल्ला आहे. नंतरच्या अभ्यासांत ३२ कलमांची आवृत्तीही वापरली गेली आहे. म्हणून आपण कोणती आवृत्ती घेतली हे अहवालात नमूद करावे. दोन आवृत्त्यांच्या बेरजा एकमेकींशेजारी ठेवू नयेत, आणि वापरण्यापूर्वी हक्कधारकांची परवानगी घ्यावी.

नेहमीच्या कामासाठी माझी शिफारस अशी: आधी दहा प्रश्नांची सर्वसाधारण श्रेणी आणि तिच्यासोबत नैराश्यासाठी ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली, ज्याचे गुण जास्त येतील त्याच्यासाठी दुसऱ्या दिवशी ताणकारणांची श्रेणी. एकाच बैठकीत तिन्ही विचारल्या तर शेवटच्या प्रश्नांची उत्तरे केवळ सुटका करून घेण्यासाठी दिली जातात.

‘पीएचक्यू-९’विषयी एक सावधगिरी. तिच्या नऊ प्रश्नांत झोप, थकवा आणि भूक हे तीन आहेत, आणि ही तिन्ही लक्षणे मूत्रपिंडाच्या आजाराचीही आहेत. तरीही १० किंवा अधिक गुण हा नेहमीचा संकेत डायलिसिसच्या रुग्णांतही उपयोगी ठरल्याचे तपासणीत दिसले आहे. गुण दहाच्या आसपास असतील तर ते या तीन प्रश्नांतून आले की उदासी, अपराधीपणा आणि कशातही रस न वाटणे यांतून, हे पाहूनच पुढचे पाऊल टाकावे.

मराठी रूपांतर करताना

आधीच तपासलेले मराठी रूपांतर मिळत असेल तर तेच घ्यावे. ते नसेल तर दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करावे, त्यांतून एक मसुदा तयार करावा, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्याने तो पुन्हा इंग्रजीत न्यावा, फरक दिसतील तेथे दुरुस्ती करावी आणि शेवटी काही रुग्णांना तो वाचून दाखवून ‘या प्रश्नातून तुम्हाला काय समजले?’ असे विचारावे. ही शेवटची पायरीच बहुधा गाळली जाते, आणि खरे घोटाळे नेमके तेथेच सापडतात. ‘गेल्या महिन्यात’ असे लिहिले तर वीस तारखेला उत्तर देणारा रुग्ण मागचा पूर्ण कॅलेंडर महिना धरतो; म्हणून ‘आजपासून मागच्या तीस दिवसांत’ असे लिहावे, आणि त्याहून बरे म्हणजे ‘दिवाळीपासून आजपर्यंत’, ‘पोळ्यापासून आजपर्यंत’ असा जवळचा सण खूण म्हणून द्यावा. नकारार्थी प्रश्नांना ‘कधीच नाही’ असे उत्तर आले की ऐकणाऱ्याचाही गोंधळ होतो; अशा ठिकाणी वाक्य सरळ करून घ्यावे.

ताणकारणांच्या श्रेणीतील काही कलमे आपल्याकडच्या जगण्यात बसवावी लागतात. सुट्टीवर जाण्यातील मर्यादा हे कलम येथे ‘लग्नकार्याला, गावच्या जत्रेला किंवा नातेवाइकांकडे मुक्कामाला जाता न येणे’ असे विचारले तर उत्तर मिळते. कपड्यांवरील बंधनाचा प्रश्न पुरुषांना किरकोळ वाटतो, पण ज्या हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) आहे त्या हातात घट्ट बांगड्या घालता येत नाहीत, ही गोष्ट कितीतरी स्त्रियांना मशीनपेक्षा जास्त सलते. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आणि शेजारणींच्या नजरा त्यांना झेलाव्या लागतात. आहाराच्या प्रश्नात उपास यायला हवेत, कारण शेंगदाणे, बटाटा, केळी, खजूर आणि शहाळ्याचे पाणी या उपासाच्या गोष्टींतच पोटॅशियम भरपूर असते, आणि एकादशी मोडावी लागल्याचे दुःख डॉक्टरांना सांगायला रुग्ण संकोचतो. ज्यांचे नाव मेंदूमृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत आहे, त्यांना या प्रतीक्षेविषयी वेगळा प्रश्न विचारावा. मात्र जी कलमे आपण नव्याने घालू त्यांचे गुण मूळ बेरजेत मिसळू नयेत. ती निराळ्या ओळीत लिहावीत.

केव्हा विचारावे

माझ्या मते सर्वांत जास्त चुका वेळेच्या निवडीत होतात. रुग्ण चार तास एका जागी असतो, म्हणून यंत्र चालू असतानाच प्रश्नावली भरून घेणे सोयीचे वाटते. परंतु शेवटच्या दोन तासांत अनेकांचा रक्तदाब उतरतो, डोके जड होते, पायांत गोळे येतात; लक्ष आणि स्मरण यांवरही डायलिसिस चालू असताना परिणाम होतो. त्यावेळी दिलेले उत्तर त्या तासाचे असते, महिन्याचे नसते. आधीच्या अर्ध्या तासात सुई टोचण्याची धास्ती असते, आणि सुटल्यानंतर प्रत्येकाला एसटी किंवा रिक्षा गाठायची असते. आदर्श वेळ म्हणजे डायलिसिस नसलेला दिवस. गावाहून येणाऱ्या रुग्णाला त्यासाठी पुन्हा बोलावणे हा त्याच्यावर आणखी एक भार होईल, म्हणून व्यवहारात यंत्र सुरू झाल्यानंतरचा पहिला तास घ्यावा, मात्र रक्तदाब स्थिर झाल्याची खात्री करून.

आठवड्यातील वारही निश्चित हवा. तीन डायलिसिस घेणाऱ्याला सोमवारी किंवा मंगळवारी मोठ्या खंडानंतर यावे लागते, त्या दिवशी त्याच्या अंगात पाणी आणि पोटॅशियम दोन्ही जास्त असतात आणि तो सर्वाधिक अस्वस्थ असतो. पहिली मोजणी सोमवारी आणि दुसरी शुक्रवारी झाली, तर ताण कमी झाल्याचा भास होतो. एका रुग्णासाठी नेहमी आठवड्याच्या मधल्या डायलिसिसचा दिवस धरावा. दोनदाच येणाऱ्यांमध्ये हा खंड आणखी मोठा असतो, म्हणून त्यांचे आणि तीनदा येणाऱ्यांचे गुण एकत्र करून सरासरी काढू नये.

नव्याने डायलिसिस सुरू झालेल्या रुग्णाचे पायाभूत मोजमाप पहिल्या दिवशी करू नये. मानेतला कॅथेटर (डायलिसिससाठी शिरेत घातलेली नळी), अचानक कळलेले निदान आणि पैशांची जुळवाजुळव या धांदलीत येणारा आकडा पुढे कशाशीही ताडून पाहता येत नाही. चार ते सहा आठवड्यांनी पहिली मोजणी करावी आणि नंतर दर तीन किंवा सहा महिन्यांनी. डायलिसिसची पाळी (शिफ्ट) बदलली, कॅथेटर पुन्हा बसवावा लागला, नोकरी गेली, योजनेची मंजुरी अडकली, किंवा त्याच पाळीतल्या एखाद्या सहरुग्णाचा मृत्यू झाला, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. शेवटच्या गोष्टीबद्दल कर्मचारी बहुधा मौन बाळगतात. रुग्णांना ती त्याच दिवशी कळलेली असते.

कसे विचारावे

खाटा एकमेकींना लागून असतात आणि एका पाळीतील रुग्ण वर्षानुवर्षे एकमेकांना ओळखत असतात. मोठ्याने प्रश्न वाचले की उत्तर शेजाऱ्याला ऐकवण्यासाठी दिले जाते. पडदा ओढला तरी आवाज थांबत नाही. ज्याला वाचता येते त्याला कागद आणि पेन द्यावे, पण फिस्टुला लिहित्या हातात असेल तर लिहून घेण्याचे काम आपणच करावे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी पर्यायांचे कार्ड बनवावे, म्हणजे त्याला उत्तर बोलावे लागत नाही, फक्त बोट ठेवावे लागते. कार्डावर वाढत जाणारे गोल किंवा उंच होत जाणारे खांब काढावेत. भरत जाणाऱ्या पाण्याच्या पेल्यांचे चित्र येथे चालत नाही, कारण तहानेने हैराण झालेल्या माणसाला काठोकाठ भरलेला पेला त्रासाची खूण वाटत नाही.

सुरुवातीला तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: हे कशासाठी विचारत आहोत, उत्तरे कोण पाहील आणि कोणतेही उत्तर दिले तरी मशीनची वेळ, मोफत उपचार किंवा प्रतीक्षायादीतील स्थान यांवर परिणाम होणार नाही. तिसरी गोष्ट न सांगितल्यास महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून किंवा २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून उपचार घेणारा रुग्ण तक्रार करायला धजत नाही. ‘काका, मला तुमच्याशी थोडे बोलायचे आहे, आजार सोडून बाकीच्या त्रासाबद्दल विचारणार आहे, एखादे उत्तर द्यायचे नसेल तर नको म्हणा’ एवढी प्रस्तावना पुरते.

रोज सुई टोचणाऱ्या तंत्रज्ञाने स्वतःच्या रुग्णाला ‘सुई टोचण्याचा किती त्रास होतो?’ असे विचारू नये. सौजन्यापोटी उत्तर शून्य येते. दुसऱ्या पाळीतील सहकाऱ्याने विचारावे. सोबत आलेली पत्नी किंवा मुलगा यांना चहाला पाठवावे, कारण खर्च, परावलंबन आणि वैवाहिक संबंध या प्रश्नांची खरी उत्तरे त्यांच्यासमोर मिळत नाहीत. लैंगिक इच्छेविषयीचा प्रश्न स्त्री रुग्णाला स्त्री कर्मचाऱ्याने आणि पुरुषाला पुरुषाने विचारणे बरे. रुग्णाने तो टाळला तर त्या रकान्यात शून्य न भरता ‘उत्तर दिले नाही’ असे लिहावे. शून्य म्हणजे त्रास नाही, आणि तसे त्याने म्हटलेले नसते.

गुण कसे काढावेत

दहा प्रश्नांच्या श्रेणीत क्रमांक ४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न सकारात्मक आहेत, त्यामुळे त्यांचे गुण उलटे करावे लागतात: ० चे ४, १ चे ३, २ चे २, ३ चे १ आणि ४ चे ०. समजा, उरलेल्या सहा प्रश्नांची उत्तरे ३, ३, २, ३, २, ३ अशी आली. त्यांची बेरीज १६. सकारात्मक चार प्रश्नांची उत्तरे १, २, २, १ अशी आली. ती उलटल्यावर ३, २, २, ३ म्हणजे १०. एकूण ताण ४० पैकी २६. उलटवायचे राहिले तर हीच बेरीज २२ भरते, आणि ज्याला जीवनावर ताबा असल्याचे जराही वाटत नाही अशा रुग्णात ही चूक आणखी मोठी होते. ० ते १३ कमी, १४ ते २६ मध्यम आणि २७ पासून पुढे जास्त, अशी विभागणी सर्रास छापली जाते. ती सोयीची असली तरी हे साधन निदानासाठी बनवलेले नाही, म्हणून २६ आणि २७ यांमध्ये भिंत असल्यासारखे वागू नये.

‘डास-२१’मध्ये ताणाच्या सात प्रश्नांच्या बेरजेला २ ने गुणावे. त्यानंतर १४ पर्यंत सामान्य, १५ ते १८ सौम्य, १९ ते २५ मध्यम, २६ ते ३३ तीव्र आणि ३४ किंवा अधिक अतितीव्र असे वर्ग आहेत. दुप्पट करणे विसरल्यास अतितीव्र ताणाचा रुग्ण थेट सौम्य किंवा मध्यम वर्गात जाऊन बसतो, म्हणून फॉर्मवरच ‘बेरीज × २’ असा रकाना छापून घ्यावा.

आकड्याचा अर्थ लावताना

पहिला प्रश्न स्वतःला विचारावा की हे शरीर तर बोलत नाही? हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल, डायलिसिस पुरेसे होत नसेल, थायरॉइड मंदावलेले असेल, इन्सुलिनमुळे साखर अचानक उतरत असेल, रात्री पाय सतत हलवावेसे वाटून झोप मोडत असेल, तर चिडचिड आणि थकवा यांचा बराच भाग तेथून येतो. डायलिसिसच्या पुरेपणाचा निर्देशांक, म्हणजे केटी बाय व्ही, आठवड्यातून तीनदा येणाऱ्यांत प्रत्येक वेळी किमान १.२ असावा लागतो. मोजमापाच्या कागदावर त्या महिन्याचा निर्देशांक आणि हिमोग्लोबिन शेजारीच लिहावे.

दुसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: ताणकारणांच्या श्रेणीची बेरीज क्वचितच उपयोगी पडते, कलमे पडतात. समजा, दोन रुग्णांची बेरीज सारखीच आली. एकाचे जास्त गुण प्रवास, खर्च आणि नोकरी यांना आहेत. त्याला समुपदेशनाची नव्हे, समाजसेवा अधीक्षकांची आणि सकाळऐवजी दुपारच्या पाळीची गरज आहे. दुसऱ्याचे गुण स्नायूंतील गोळे, थकवा आणि मशीनची भीती यांना आहेत. अशा वेळी त्याच्या मागच्या काही डायलिसिसचे तक्ते काढून पाणी काढण्याचा वेग पाहावा. दर किलो वजनामागे ताशी १३ मिलिलिटरपेक्षा जास्त वेगाने पाणी काढणे धोक्याचे समजले जाते; ६० किलोच्या माणसात चार तासांत ही मर्यादा सुमारे ३.१ लिटर होते. तो प्रत्येक वेळी चार किलो वाढवून येत असेल आणि तेवढेच पाणी चार तासांत ओढले जात असेल, तर त्याची मशीनची भीती मुळीच अकारण नाही. वेळ वाढवणे, ड्राय वेट (जादा पाणी काढल्यानंतरचे अपेक्षित वजन) पुन्हा ठरवणे आणि मीठ कमी करणे हे त्याच्या ताणावरचे उपचार आहेत, आणि ते नेफ्रॉलॉजिस्टशी (मूत्रपिंडतज्ज्ञाशी) बोलूनच होतात.

यासोबत एक साधा प्रश्न जोडावा: ‘डायलिसिस झाल्यावर पूर्ववत वाटायला किती वेळ लागतो?’ उत्तर मिनिटांत किंवा तासांत लिहून ठेवावे. संशोधनात हा एकच प्रश्न रुग्णाच्या जीवनमानाशी चांगला जुळलेला आढळला आहे. दुसऱ्या दिवसापर्यंत गळून पडणाऱ्या माणसाकडून नोकरी, घर आणि पथ्य सांभाळण्याची अपेक्षा किती ठेवायची, हे त्या उत्तरावरून आपल्यालाही कळते.

दोन मोजण्यांमधील एकदोन गुणांचा फरक सोडून द्यावा. तीन मोजण्या एकाच दिशेने सरकत असतील तर मात्र आकडा ‘मध्यम’ वर्गात असला तरी दखल घ्यावी. गुण कमी असूनही रुग्ण डायलिसिस चुकवू लागला, वजन नेहमीपेक्षा जास्त वाढवून येऊ लागला किंवा गप्प झाला, तर कागदापेक्षा या खुणांवर विश्वास ठेवावा.

त्याच दिवशी करायच्या गोष्टी

‘पीएचक्यू-९’च्या नवव्या प्रश्नात मरून गेलेले बरे किंवा स्वतःला इजा करावी अशा विचारांविषयी विचारलेले आहे. त्याचे उत्तर शून्याव्यतिरिक्त काहीही आले तर एकूण बेरीज कितीही कमी असो, रुग्ण घरी जाण्यापूर्वी त्याच्याशी एकांतात बोलावे, विचार किती वेळा येतात आणि काही ठरवले आहे का हे सरळ शब्दांत विचारावे, डॉक्टरांना कळवावे आणि विचार ठाम वाटले तर त्याला एकटे सोडू नये. असे विचारल्याने तो विचार मनात नव्याने रुजतो, ही भीती निराधार आहे. मनोविकारतज्ज्ञ लगेच मिळत नसतील तर ‘टेली मानस’ची शासकीय मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असते, क्रमांक फळ्यावर लिहून थांबू नये, आपल्यासमोर लावून द्यावा.

‘मला आता डायलिसिस नको’ हे वाक्य वेगळे हाताळावे लागते. ते नैराश्यातून, कर्जाच्या ओझ्यातून किंवा एखाद्या वेदनेतून आलेले असू शकते. वयोवृद्ध, अनेक आजारांनी थकलेल्या माणसाचा तो पूर्ण विचारांती घेतलेला निर्णयही असू शकतो. मोजमाप करणाऱ्याने त्यातले काय खरे ते स्वतः ठरवू नये आणि समजूत घालून विषय बंदही करू नये; रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहून नेफ्रॉलॉजिस्टकडे द्यावेत.

रक्त, लाळ आणि घड्याळ

लाळेतील कॉर्टिसोल (ताणात वाढणारे संप्रेरक), हृदयगतीतील चढउतार असे शारीरिक निर्देशक ‘खरे’ मोजमाप वाटतात, पण या रुग्णांत ते फसवे आहेत. डायलिसिसच्या रुग्णांत लाळ कमी असते आणि रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपॅरिनमुळे हिरड्यांतून रक्त येऊन नमुना बिघडतो. कॉर्टिसोल जाग आल्यानंतर अर्ध्यापाऊण तासात सर्वाधिक असते, त्यामुळे पहाटे चार वाजता उठून पहिली पाळी गाठणारा आणि दुपारी येणारा यांची तुलना होत नाही. मधुमेहामुळे ज्यांच्या स्वायत्त मज्जातंतूंना इजा झाली आहे किंवा ज्यांना बीटा ब्लॉकर (हृदयगती मंदावणारे औषध) चालू आहे, त्यांच्या हृदयगतीवरून ताण ओळखता येत नाही. रक्तदाब तर मुख्यतः अंगातील पाण्यावर चढतो-उतरतो. मुलांनी भेट दिलेल्या स्मार्ट घड्याळातील ‘स्ट्रेस स्कोअर’ही याच हृदयगतीवर बेतलेला असतो, तो रुग्णाने पाहिला तर पाहू द्यावा, घड्याळ फिस्टुलाच्या हातात बांधलेले नाही एवढे तपासावे.

घरी पोटातून डायलिसिस करणाऱ्यांसाठी हीमोडायलिसिसची ताणकारणांची श्रेणी लागू पडत नाही. त्यांना सुई आणि प्रवास यांचा जाच नसतो, पण दिवसातून साधारण चार वेळा द्रव बदलणे, जंतुसंसर्गाची धास्ती, पोटातील नळीमुळे बदललेले शरीर आणि पिशव्यांची खोकी घरात कोठे ठेवायची हा प्रश्न असतो. त्यांच्यासाठी सर्वसाधारण श्रेणी वापरून कारणे संभाषणातून काढावीत.

रुग्णाची काळजी घेणाऱ्या व्यक्तीचे मोजमापही त्याच महिन्यात करावे. २२ प्रश्नांची ‘झारिट बर्डन इंटरव्ह्यू’ ही ० ते ८८ गुणांची श्रेणी त्यासाठी प्रचलित आहे. बाहेरच्या बाकावर चार तास बसून राहणाऱ्या पत्नीला किंवा सुनेला हे प्रश्न विचारायला वेळ मिळतो, आणि रुग्णाच्या उत्तरांतील कितीतरी मोकळ्या जागा तेथे भरून निघतात. या दोघांची उत्तरे एकमेकांना सांगायची नसतात. म्हणून दोन्ही कागद वेगवेगळ्या पाकिटांत ठेवावेत, खाटेला अडकवलेल्या तक्त्यावर फक्त मोजणीची तारीख, वार, त्या दिवशीचे आगमन-वजन आणि पुढील मोजणीचा महिना लिहावा, आणि गुणांचा कागद प्रभारी परिचारिकेच्या कुलपात ठेवावा.